वाड्याच्या चौकात पोल-पुली आणि तिवई : भाड्याने घेतलेल्या उचलसामग्रीचे परीक्षण

जड वस्तू हाताने उचलण्याची साधी सामग्री पुण्यात भाड्याने घ्यायची झाल्यास पर्याय मोजकेच आहेत. पहिला पर्याय म्हणजे सहा मीटर लांबीचा लोखंडी खांब, त्याच्या शेंड्याला अडकवलेली दोराची कप्पीजोडी आणि खांब उभा धरणारे चार तणावे. याला दुकानदार ‘डेरिक’ किंवा नुसते ‘पोल-पुली’ म्हणतात. दुसरा पर्याय म्हणजे तीन पायांची तिवई आणि तिच्या शेंड्याला टांगलेली एक टनाची चेन पुली, म्हणजे हातसाखळी ओढून भार उचलायचे यंत्र. कसबा पेठेतील एका दुमजली वाड्याच्या मागच्या सोप्याची दुरुस्ती करताना आम्ही हे दोन्ही संच वापरले. दोन्हींनी काम नीट केले आणि दोन्ही घेण्याजोगे आहेत, हे आधीच सांगून टाकतो. मात्र खांबावर पिवळ्या रंगाने लिहिलेला ‘१ टन’ हा आकडा केवळ त्या लोखंडापुरता खरा आहे. उभारणी कशी होते यावर तो निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो, आणि ती उभारणी कशी करावी याविषयी दुकानातून एक अक्षरही मिळत नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

हायड्रा, म्हणजे चाकांवरची फिरती क्रेन, बोलावून काम एका दिवसात का उरकले नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. वाड्याकडे जाणारा बोळ इतका अरुंद आहे की त्यातून मालाचा टेम्पोदेखील उलटा घेताना दोन्ही बाजूंचे आरसे मिटावे लागतात, आणि दिंडी दरवाजातून आत चौकापर्यंत कोणतेही वाहन पोहोचत नाही. काम दोन प्रकारचे होते. पन्हळीचे पाणी वर्षानुवर्षे मुरून सोप्याची चौकाकडील सागवानी तुळई एका टोकाला कुजली होती. ती उतरवून तिच्या जागी दुसरी चढवायची होती. शिवाय चौकाच्या कोपऱ्यात अर्धवट फरशीत रुतलेली काळ्या दगडाची डोणी, म्हणजे पाण्याचे कोरीव कुंड, उचलून पलीकडच्या भिंतीशी न्यायची होती. तुळई लांब पण तुलनेने हलकी, डोणी आटोपशीर पण चांगलीच जड. या दोन कामांनी दोन्ही संचांचे गुणदोष आपोआप समोर आणले.

सामग्री भवानी पेठेतील टिंबर मार्केटच्या बाजूच्या एका दुकानातून घेतली. त्याच तऱ्हेचा माल त्या भागात आणि नाना पेठेत इतरत्रही मिळतो, त्यामुळे दुकानाचे नाव देण्यात विशेष अर्थ नाही. भाड्याचा व्यवहार सरळ होता: अनामत रक्कम, ओळखपत्राची प्रत, दिवसाचे भाडे आणि नेण्या-आणण्याचा खर्च आपला. खांबासोबत दोन-दोन चाकांच्या लोखंडी कप्प्या, दोर, वायर रोपचे चार तणावे, खांबाच्या पायाशी लावायची एक उघडझाप करणारी कप्पी आणि मूठभर शॅकल (तारा व साखळ्या जोडायच्या, खिळीने बंद होणाऱ्या यू आकाराच्या कड्या) मिळाले. तिवई मात्र नुसती तीन पायांची मिळाली. पाय एकमेकांना बांधण्याची साखळी मागितल्यावर ‘ती कोणी नेत नाही’ असे उत्तर आले. ती का न्यायला हवी, ते पुढे येईलच.

प्रथम खांबाविषयी. तो चार इंची मध्यम जाडीचा पाइप आहे, म्हणजे बाहेरून सुमारे ११४ मिलिमीटर व्यासाचा, आणि सहा मीटर लांबीला त्याचे वजन सत्तर किलोच्या वर जाते. एवढा जड खांब कशाला, बांधकामावर पडलेला परांचीचा पाइप का चालणार नाही, असे आमच्याकडच्या एका उत्साही शेजाऱ्यांनी सुचवले होते. त्याचे उत्तर १८ व्या शतकात लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने काढलेल्या सूत्रात आहे. उभ्या सडपातळ खांबावर वरून भार आला की तो चिरडण्याच्या कितीतरी आधी कुशीला वाकतो, आणि हा वाकण्याचा भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. लांबी दुप्पट केली की ताकद चौथाईवर येते. या सूत्राने परांचीचा ४८ मिलिमीटर व्यासाचा पाइप सहा मीटर लांबीला अगदी सरळ, निर्दोष आणि मधोमध भार घेणारा असला तरी साधारण साडेसहाशे किलोला वाकतो. प्रत्यक्षातील पाइप कधीच तसा नसतो, त्यामुळे सुरक्षिततेची वजावट केल्यावर त्यावर दीडदोनशे किलोही टांगू नयेत. चार इंची पाइपाचा तोच सैद्धान्तिक आकडा तेरा टनांच्या घरात जातो. म्हणून भाड्याचा खांब उचलायला त्रासदायक असला, तरी त्या जाडीला पर्याय नाही, आणि दुकानदाराने ती जाडी प्रामाणिकपणे ठेवली आहे हे नमूद केले पाहिजे. पाइपावर कोठेही पोचा नव्हता. पोचा असलेला खांब मात्र कोणत्याही भाड्याला घेऊ नये, कारण वाकण्याची सुरुवात तेथूनच होते.

खांब भार तोलतो, पण खांबाला तोलतात ते तणावे. एकखांबी उचलीचा सारा फायदा खांब थोडा झुकवता येण्यात आहे, कारण झुकल्याशिवाय वस्तू खांबापासून सुटी राहत नाही आणि हव्या त्या जागी उतरवता येत नाही. झुकाव आला की मागच्या तणाव्यावर ओढ येते, आणि ती किती येते हे केवळ दोन गोष्टींवर ठरते: शेंडा पायापासून किती पुढे गेला आहे आणि तणाव्याची मेख पायापासून किती मागे आहे. सहा मीटरचा खांब एक मीटर पुढे झुकवला आणि मागची मेख बारा मीटरवर असली, तर मागच्या तणाव्यावर भाराच्या सुमारे एकपंचमांश ओढ येते. तीच मेख तीन मीटरवर आणली, तर ओढ दुप्पट होऊन भाराच्या दोनपंचमांशावर जाते. मेख बाराच मीटरवर ठेवून झुकाव दोन मीटर केला, तरीही ओढ दुपटीच्या वर जाते. उंचीच्या दुप्पट अंतरावर मेख असावी हा जुन्या कारागिरांचा दंडक याच हिशेबातून आला आहे, आणि तो मोकळ्या शेतात किंवा प्लॉटवर सहज पाळता येतो.

पेठेतल्या चौकात मात्र तो पाळता येत नाही. आमचा चौक भिंतीपासून भिंतीपर्यंत पंधरा-सोळा फुटांचा, त्यात खांब सोप्याच्या बाजूला उभा. मागे जेमतेम तीन मीटर जागा उरली. खाली शहाबादी फरशी, तिच्याखाली भराव, त्यामुळे मेख ठोकण्याचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी हात पहिल्यांदा समोरच्या भिंतीतील जुन्या कडीकडे जातो. वाड्याची वरची भिंत पांढऱ्या मातीत रचलेल्या विटांची असते. ती खालच्या दिशेने येणारा भार पिढ्यानपिढ्या झेलते, पण आडव्या ओढीला तिच्यात काहीच जीव नसतो, म्हणून कडीचा नाद सोडून वाळूची पोती वापरली. येथेही हिशेब उपयोगी पडला. तणावा जितका उभा, तितका तो पोत्यांना पुढे ओढतोच, शिवाय वरही उचलतो, आणि वर उचलले गेलेले वजन घर्षणाच्या कामाचे राहत नाही. दोनशे किलोच्या तुळईसाठी तीन मीटरवरच्या तणाव्यामागे, घर्षण वजनाच्या निम्मे धरून आणि दुप्पट सुरक्षितता ठेवून, तीनशे किलोहून थोडे अधिक वजन लागते. म्हणजे पन्नास किलोची सात पोती. हाच हिशेब साडेपाचशे किलोच्या डोणीसाठी केला तर अठरा पोती लागतात, आणि तीही केवळ मागच्या एका तणाव्यासाठी. डोणीचे काम एकखांबी उचलीने करायचे नाही, हा निर्णय येथेच झाला. खांबावरचा ‘१ टन’ हा आकडा आमच्या चौकात किती टिकला असता, हे यावरून वाचकांच्या लक्षात येईल.

तणाव्यांच्या टोकांकडे प्रत्येक ग्राहकाने स्वतः पाहावे. वायर रोपचा फास बुलडॉग क्लॅम्पने आवळलेला असतो. त्या क्लॅम्पला एका बाजूस खाचांची बैठक आणि दुसऱ्या बाजूस यू आकाराचा बोल्ट असतो. बैठक नेहमी भार घेणाऱ्या तारेवर यायला हवी आणि यू बोल्ट दुमडून आणलेल्या मोकळ्या टोकावर, कारण बोल्ट तारेला चेपतो आणि चेपलेली तार भाराखाली प्रथम तुटते. क्लॅम्प किमान तीन असावेत आणि तिन्ही एकाच दिशेने. आम्हाला मिळालेल्या चार तणाव्यांपैकी दोघांवर ते आलटून-पालटून लावलेले होते, जणू कोणी शोभेसाठी तसे केले असावे. पाना घेऊन ते पुन्हा बसवायला अर्धा तासही लागला नाही, परंतु हे काम ग्राहकाचे नव्हे. दुकानाच्या गुणांतून मी सर्वाधिक वजावट याच कारणासाठी करतो.

कप्पीजोडीचे काम समाधानकारक होते. वर दोन आणि खाली दोन चाके असली की भार दोराच्या चार पदरांवर विभागतो आणि कागदावर दोनशे किलोसाठी पन्नास किलोची ओढ पुरते. प्रत्यक्षात साध्या बुशवर फिरणारे प्रत्येक चाक साधारण दहा टक्के ओढ घर्षणात खाते. चारही चाकांचा हिशेब धरला तर ओढ त्रेसष्ट किलोच्या आसपास जाते, आणि दोर खांबाच्या पायाशी वळवून आडवा घेतला तर आणखी सहा-सात किलो वाढतात. दोन माणसांना हे जड नाही. विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल की तेथे वरच्या चाकावरून जाणारा जाड नाडा बैलांची ओढ केवळ वळवत असे, कमी करीत नसे; एकाच स्थिर चाकाचे काम एवढेच. बांधकामावर घमेले चढवायला जे एक चाक टांगतात तेही तसेच, आणि त्यात एक गोम आहे: शंभर किलो उचलताना ओढणाऱ्यालाही शंभर किलोनेच ओढावे लागते, त्यामुळे चाक ज्या आडव्या बल्लीला टांगलेले असते तिच्यावर दोनशे किलोंचा भार येतो. चार पदरांच्या जोडीत हा अधिकचा भार केवळ चौथाईपुरता उरतो.

दोर सोळा मिलिमीटर जाडीचा, पॉलिप्रॉपिलीनचा होता. तो भिजत नाही आणि हलका असतो, म्हणून दुकानदारांना प्रिय आहे. मला तो फारसा आवडला नाही. उन्हात पडून त्याचे तंतू कडक झाले होते, हाताला कुसळे लागत होती, आणि भार खाली सोडताना खुंट्यावर तो झरझर घासला गेला तर वितळण्याइतका तापतो. मनिला दोर तेथेच मागितल्यास थोड्या जास्त भाड्यात मिळतो आणि तोच घ्यावा. नायलॉनचा दोर बळकट असला तरी भाराखाली ताणतो, त्यामुळे तुळईसारखी वस्तू बोटभर वर-खाली बसवताना तो हाताबाहेर जातो.

तुळई पंधरा फूट लांब आणि दहा इंच चौरस होती. सागाची घनता घनमीटरला साडेसहाशे किलो धरल्यास तिचे वजन १९० किलोच्या थोडे पुढे भरते. वरच्या कडीपाटाला जॅक आणि टेकू देऊन तिच्यावरचा भार आधीच काढून घेतला होता. खांब उभा करताना सुतारकाम पाहणाऱ्या मिस्त्रींनी सर्वांना थांबवून सांगितले, ‘साहेब, पाय आधी बांधू द्या, मग दोराला हात लावा.’ त्यांचे म्हणणे अगदी मुद्द्याचे होते. दोर पायाशी वळवून आडवा ओढला जातो तेव्हा ओढणारी माणसे भाराखालून दूर राहतात हे उत्तम, पण तीच ओढ खांबाचा पाय त्यांच्याच दिशेने सरकवू पाहते, आणि झुकलेला खांब स्वतःच्या तिरपेपणाने त्याला मागे ढकलतो. गुळगुळीत फरशीवर या दोन्ही बलांना अडवणारे काहीच नसते. आम्ही पायाखाली सागवानी फळीचा जाड तुकडा घातला, त्यात पाइपाच्या मापाची खाच होती, आणि फळी सोप्याच्या जोत्याच्या दगडाला दोन बाजूंनी दोराने आवळली. संचात पायासाठी एक चौकोनी लोखंडी पत्रा येतो. तो मुरमाच्या जमिनीवर रुततो आणि ठीक काम देतो, फरशीवर मात्र बर्फावर ठेवल्यासारखा सरकतो. तुळई मध्यापासून किंचित एका बाजूला बांधून, दुसऱ्या टोकाला माणसाच्या हाती फिरवदोर देऊन, वर घेतली आणि ती शांतपणे सोप्याच्या लाकडी खांबांच्या माथ्यावर बसली. मागचा तणावा वीतभर सैल करून शेंडा पुढे नेता येणे ही या साधनाची खरी किमया आहे. तिवईला ते कधीच जमणार नाही.

डोणीसाठी तिवई लावली. दगडाचे वजन आधी काढावे, आणि ते काढणे सोपे आहे: आपल्याकडच्या काळ्या पाषाणाचे वजन घनफुटाला ऐंशी किलोहून थोडे अधिक भरते. साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच डोणीतून आतला पोकळ भाग वजा केला की साडेसहा घनफुटांच्या आसपास दगड उरतो, म्हणजे साधारण साडेपाचशे किलो. आत साचलेले पाणी आणि गाळ काढला नसता तर शंभराहून अधिक किलोंची भर पडली असती. जमिनीत रुतलेला दगड सुटताना मातीची पकडही भार वाढवते, म्हणून पहारीने चारही बाजू मोकळ्या करून, तिच्याखाली लाकडी ठोकळे सरकवून मगच साखळी ताणली.

तिवईला तणावे लागत नाहीत, मेखा लागत नाहीत, पोती लागत नाहीत. उभी केली की काम सुरू. पेठेतल्या चौकासाठी हा फार मोठा गुण आहे. तिची परीक्षा पायांशी होते. पाय उभ्या रेषेपासून तीस अंश फाकलेले असतील तर प्रत्येक पायातून भाराचा जवळजवळ एकपंचमांश भाग बाहेरच्या दिशेने ढकलला जातो; आमच्या डोणीच्या बाबतीत प्रत्येक पायाला शंभर किलोंहून अधिक. संचातील पायांना खाली टोकदार पोलाद आहे. मातीत ते रुतते, शहाबादी फरशीवर ते नुसते ओरखडा काढत सरकते, आणि एक पाय सरकला की तिवई आडवी होण्यास क्षणही पुरत नाही. तिन्ही पायांभोवती साखळी किंवा वायर रोप फिरवून तो त्रिकोण बंद केला की ढकलणे साखळीतच जिरते आणि फरशीवर फक्त उभा भार राहतो. जी साखळी ‘कोणी नेत नाही’ असे दुकानदाराने सांगितले, ती याचसाठी. मला ती संचाचा अविभाज्य भाग वाटते आणि ती नसेल तर तिवई घेऊच नये असे मी म्हणेन.

चेन पुलीविषयी मात्र बोलायला तक्रारच नाही. हे यंत्र मला या साऱ्या सामग्रीतील सर्वांत सुबक वाटते. १९ व्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये टॉमस वेस्टन याने दोन किंचित कमी-जास्त व्यासाची चाके एकाच आसावर जोडून जी साखळीची कप्पी रूढ केली, तिच्यात घर्षण इतके असे की हात सोडला तरी भार जागीच राही. आजच्या चेन पुलीत दातेरी चाके आहेत, घर्षण पुष्कळ कमी आहे, आणि भार धरून ठेवण्याचे काम स्क्रू आणि चकत्यांचा ब्रेक करतो. भार स्वतःच्याच वजनाने चकत्या आवळतो. साखळी ओढताना जो टक्‌टक्‌ आवाज येतो तो चाकाला उलटे फिरू न देणाऱ्या खिटीचा असतो, आणि तो नियमित ऐकू येणे हे यंत्र ठीक असल्याचे लक्षण आहे. एक टन भारासाठी बहुतेक बनावटींत तीस-पस्तीस किलोंची ओढ पुरते. त्याची किंमत वेळात मोजावी लागते: भार एक मीटर वर नेण्यासाठी हातसाखळी चाळीस मीटरांच्या आसपास ओढावी लागते. डोणी हातभर उचलायला लागलेला वेळ पाहून जमलेल्या बघ्यांपैकी निम्मे घरी निघून गेले. पण ती वर असताना कोणाचाही हात साखळीवर नव्हता आणि ती तसूभरही खाली आली नाही. दोराच्या कप्पीजोडीत ही सोय नसते. तेथे दोर खुंट्याला आवळेपर्यंत भार माणसांच्याच जिवावर असतो.

डोणी उचलून पलीकडे नेताना तिवईची मर्यादाही दिसली. ती फक्त सरळ वर आणि सरळ खाली जाते. आम्ही डोणी उचलली, खाली फळ्या आणि पाइपाचे रूळ घातले, उतरवली, ढकलत नेली आणि तिवई पुन्हा उभारून जागेवर बसवली. साखळीला तिरपे ओढून डोणी ‘थोडीशी’ बाजूला नेण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास साखळी चाकाच्या कडेवर चढते आणि तिवई एका पायावर उचलली जाते. नव्या तुळईची चाचपणी करताना ती याच तिवईला टांगून पाहिली होती. लांब वस्तू तिवईच्या दोन पायांच्या बाजूला समांतर ठेवली तर ती फटींतून बाहेर निघते, परंतु वर जाऊ लागली की पाय जवळ येतात आणि शेवटच्या हातभर उंचीत तुळई दोन्ही बाजूंनी घासू लागते. माहितीपत्रकातील उंचीतून चेन पुलीची स्वतःची लांबी, बांधणीचा पट्टा आणि हा हातभर वजा केल्यावर जी उरते तीच कामाची उंची समजावी.

खुणांविषयी थोडे. चेन पुलीवर क्षमता, क्रमांक आणि उत्पादकाचे नाव कोरलेले होते. हाताने चालवायच्या चेन पुलीसाठी आयएस ३८३२ हे भारतीय मानक आहे आणि चांगले उत्पादक दीडपट भाराच्या चाचणीचे प्रमाणपत्र सोबत देतात. दुकानाने ते मागताच दाखवले. शॅकलवर मात्र कोणताही आकडा नव्हता आणि तणाव्यांच्या तारांना चिठ्ठी नव्हती. कारखाने अधिनियम, १९४८ याच्या कलम २९ ने पुली ब्लॉक आणि जिन व्हील (टांगायचे एकेरी चाक) यांपासून साखळी, हूक, शॅकलपर्यंत सर्व उचलसामग्रीवर सुरक्षित भार स्पष्ट नोंदवणे आणि सक्षम व्यक्तीकडून किमान बारा महिन्यांतून एकदा तपासणी करून घेणे कारखान्यांसाठी बंधनकारक केले. वाड्याची दुरुस्ती म्हणजे कारखाना नव्हे, हे खरे. पण त्याच दुकानाचा माल भोसरीच्या कारखान्यांच्या शेडमध्येही जातो. आकडा नसलेला शॅकल आम्ही बाजूला ठेवला आणि रविवार पेठेतील बोहरी आळीतून आकडा कोरलेले शॅकल विकत आणले. तो खर्च किरकोळ होता.

विकत घ्यावे की भाड्याने, हा प्रश्न कामावर अवलंबून आहे. ज्यांच्या शेतात किंवा सोसायटीत बोअरवेलचा पंप लोखंडी पाइपांवर सोडलेला आहे त्यांनी तिवई आणि एक टनाची चेन पुली विकत घेण्याचा विचार अवश्य करावा. सव्वा इंची पाइपाचे साठ मीटर, त्यात अडकलेले साठेक लिटर पाणी, पंप आणि केबल मिळून भार पावणेतीनशे ते तीनशे किलोंवर जातो. एक टनाची पुली तो आरामात घेते. वीस फुटांचा पाइप एका दमात वर यावा एवढी उंची मात्र लहान तिवईला नसते, आणि क्लॅम्प बदलत दोनदा उचलावे लागते. एकखांबी संच विकत घेण्याची गरज फार थोड्यांना पडेल. तो कोपऱ्यात पडून राहतो, तारा गंजतात आणि पुढच्या वेळी त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे कळत नाही.

जुन्या बाजारात वापरलेल्या चेन पुल्या निम्म्या किमतीत दिसतात. घेणाऱ्याने आधी हूक पाहावा: त्याचे तोंड मूळ मापाच्या दहा टक्क्यांहून अधिक फाकले असेल किंवा हूक पिळलेला असेल तर ती पुली कधीतरी क्षमतेबाहेर ताणली गेली आहे. मग भारसाखळीची एकेक कडी बोटांनी चाचपावी. कडीला कडी जेथे घासते तेथे झीज दहा टक्क्यांपलीकडे गेली असेल तर साखळी बाद. शेवटी थोडा भार टांगून हात सोडावा आणि तो हळूहळू घसरतो का ते पाहावे. विक्रेता ‘तेल टाकलं की झालं’ असे म्हणाला तर तेथून निघावे, कारण तेल साखळीला आणि दात्यांना लागते. ब्रेकच्या चकत्या कोरड्याच ठेवायच्या असतात.